लाल म्हणजे झालेलं

दहावीची हॉल तिकिटं आणि मोहफुलं आमच्याकडे एकाच सुमारास येतात. शाळेत तिकिटांवर शिक्के पडत असतात तेव्हा तिकडे देवरीच्या जंगलात बायांनी झाडाखालचा पालापाचोळा जाळून, झाडून जागा साफ केलेली असते आणि पहाटेपासून त्या काळ्या जमिनीवर पिवळसर फुलं टपटपत असतात. मुलं वर्गात जांभया देतात. विचारलं तर सांगतात, “मॅडम, मोह वेचून आलो.” उत्तरपत्रिकेच्या सरावाला बसलेल्या मुलीच्या बोटांना तो वास असतो. गोड, जड, किंचित आंबूस. एकदा नाकात बसला की दिवसभर जात नाही.

आता मी गोंदियाजवळ फुलचूरला राहते आणि शाळाही जवळच आहे. आमच्या गल्लीत मोहाचं झाड नाही. पण मार्च लागला की देवरीकडून येणाऱ्या बसमध्ये एखादी बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली असते आणि सगळ्या बसला तो वास लागतो. परवा तसंच झालं. मी पर्यवेक्षणाचं काम आटोपून परत येत होते. माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारी बसली होती, तिच्या गाठोड्याची गाठ सैल झाली होती आणि दोन-चार वाळकी फुलं माझ्या पायाशी येऊन पडली. मी उचलून तिला दिली. तिने नुसती मान हलवली. मला फुलवंताबाई आठवली, आणि पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तेव्हा मी देवरीला होते. बसस्टँडच्या मागे एक खोली भाड्याने घेतली होती. रविवारी तिथे बाहेरून दहावीला बसणाऱ्या बाया यायच्या. कोणी लग्नामुळे शाळा सोडलेली, कोणी नापास होऊन घरी बसलेली. हेमलता मडावी त्यांतली एक. महामार्ग सोडून आत, जंगलातल्या एका गावाहून ती काळी-पिवळी जीपने यायची. अंगाने किरकोळ, डोक्याला भरपूर तेल, आणि समोरच्याकडे सरळ बघायची सवय. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, “मी नापास झालो मॅडम. गणितात नाही, मराठीतच.”

“झालो नाही. झाले.”

“आमच्याकडे बाया बी झालोच म्हणतात.”

ते खरंच होतं. आमच्या या झाडीपट्टीतली बाई ‘मी जातो’, ‘मी आलो’ असंच म्हणते आणि त्यात चूक काहीच नाही. पण परीक्षेच्या पेपरला हे कुठलं कळायला? शिवाय हेमलताच्या घरातली भाषा त्याहूनही वेगळी, गोंडी. तिचं मराठी बाजारातून, शाळेतून, दुकानातून गोळा झालेलं. बोलण्यात अडत नव्हतं. कागदावर उतरलं की शब्दांची शेपटं सुटायची. ती नदी, ते झाड, तो दगड, हे तर तिला अजिबातच पटत नव्हतं. एकदा म्हणाली, “आमच्यात बाप्ये एका बाजूला मॅडम, आणि बाकी सारे दुसऱ्या. बाई, गाय, झाड, गोटा, सारे एकाच बाजूले.” मी हसले. ती हसली नाही. “बरं हाये तसं,” म्हणाली, “झाडासंगं राहाले.”

मला तिची अडचण कळायची, कारण माझ्या घरी पोवारी बोलतात. प्रमाण मराठी मीही शाळेतच शिकले, छड्या खाऊन शिकले. बाईंनी वहीवर लाल रेघोट्या मारल्या की मला एवढंच कळायचं की काहीतरी चुकलंय. काय चुकलं, ते त्या रेघेतून कधी कळलं नाही. तेव्हापासून मनात होतं की रंग चुकल्यावर कशाला, आधीच का देऊ नये? जे बघायला हवं त्यावरच रंग टाकला तर डोळा आपोआप तिथे जाईल.

म्हणून मी छोटे छोटे उतारे लिहायचे, त्यांची झेरॉक्स काढायचे आणि शब्दांच्या शेवटांवर हायलायटर फिरवायचे. सुरुवातीला उत्साहात सगळंच रंगवलं. लिंग, वचन, काळ, प्रत्यय. कागद होळी खेळून आल्यासारखा दिसायला लागला. हेमलताने तो लांब धरून पाहिला आणि म्हणाली, “कुठं पाहू मॅडम?” मग एका कागदावर एकच गोष्ट ठरवली. काळाचा कागद असेल तर फक्त काळ. घडून गेलेल्या क्रियापदांचा शेवट लाल, चालू असलेल्यांचा हिरवा, व्हायच्या असलेल्यांचा निळा. ‘पडला’मधला ‘ला’ लाल. ‘पडत आहे’मधला ‘त आहे’ हिरवा. ‘पडेल’चा ‘एल’ निळा.

तरी एकदा तिने मला पकडलंच. उतारा वाचून झाल्यावर मी विचारलं, गोष्टीत काय झालं? ती म्हणाली, “गोष्ट कोणी पायली मॅडम? मी रंगच पाहून राहिलो होतो.” त्या दिवसापासून आधी कोरा कागद. गोष्ट वाचायची, सांगायची, हसायचं असेल तर हसायचं, आणि मग तोच उतारा रंगीत. पुढे मी रंग फिके करत नेले. हायलायटरच्या जागी रंगीत पेन्सिल, मग साध्या पेन्सिलची बारीक रेघ, मग काहीच नाही. आणि रंग गेल्यावरही ती थांबायची ती नेमकी तिथेच, शब्दाच्या शेवटाशी. मला त्याचं फार सुख वाटायचं. शिकवणाऱ्याच्या वाट्याला असं सुख क्वचित येतं, की दुसऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी उमटताना आपल्याला दिसतं.

तिला दहावी कशासाठी हवी होती ते तिने मला आधीच सांगितलं होतं. गावात आशा सेविका म्हणून आरोग्याचं काम करायचं होतं. “दवाखान्यात आमच्या बायांचा कोणी बोलणारा नाही,” एवढंच म्हणाली. पुढे कधीतरी, चहा पिताना, मोठ्या बहिणीचं सांगितलं. जमना तिचं नाव. पहिलटकरीण होती. पोटात दुखायला लागलं म्हणून आईने तिला दवाखान्यात नेलं. तिथे गर्दी होती. तिला एका बाकावर निजवून ठेवलं, मोठे डॉक्टर यायचे होते. जमना मुळातच सोशिक. डोळे मिटून, ओठ दाबून पडून राहिली. संध्याकाळ व्हायच्या आत गेली. पोटातलंही गेलं. हेमलताने हे सगळं सपाट आवाजात सांगितलं आणि कप विसळायला उठली.

त्या वर्षी मोह खूप पडला. हेमलता रविवारी येईना. आईला एकटीला वेचणं होत नाही, असा निरोप आला. परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून मीच एका दुपारी तिच्या गावी गेले. मातीचं सारवलेलं घर, मागे साग आणि ऐनाची झाडं, आणि सबंध अंगणभर वाळत घातलेली फुलं. कडेची ताजी, पिवळी. मधली सुकून मनुक्यांसारखी तपकिरी झालेली. फुलवंताबाई, हेमलताची आई, उकिडवी बसून हाताने ती पालथवत होती. तिचं मराठी बाजारापुरतं, पण याआधी मी एक-दोनदा गेले होते तेव्हाही ती माझ्याशी आवर्जून बोलली होती. त्या दिवशीही म्हणाली, “ये बाई, बस. उन्हातून आली.” हेमलताने खाट टाकली. मला चहा दिला, आणि आम्ही दोघी कागद घेऊन बसलो.

काळाचाच कागद होता, उजळणीसाठी काढलेला जुना, रंगीत. हेमलता मोठ्याने वाचत होती. पाऊस पडला. पाऊस पडत आहे. पाऊस पडेल. फुलवंताबाई हात न थांबवता ऐकत होती. मग तिने मान वर केली.

“हा रंग कायचा हाये वं?”

हेमलताला आनंद झाला. आईने तिच्या अभ्यासातलं कधी काही विचारलं नव्हतं. ती कागद घेऊन तिच्याजवळ जाऊन बसली. “हे पाय माय. लाल म्हणजे झालेला. सरला. पाऊस पडला, आता नाही पडून राहिला. आणि हिरवा म्हणजे चालूच हाये. पडून राहिला हाये, अजून.”

“लाल म्हणजे सरला.”

“होय.”

फुलवंताबाईने कागदावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. लाल ठिपक्यावरून ती नुसतं बोट फिरवत राहिली.

“मंग दुखला?” तिने विचारलं. “दुखला म्हणला तं?”

“तो बी लाल,” हेमलता म्हणाली.

तोंडातून निघून गेलं ते. शाळेतलं मूल पटकन उत्तर देतं तसं. मग तिचा चेहरा बदलला. मला आधी काहीच कळलं नाही. फुलवंताबाईने बोट उचललं, पदराला पुसलं, आणि परत फुलं पालथवायला लागली. आमच्याकडे न बघता म्हणाली, “मले त्या नर्सबाईनं पुसला, पोट दुखते का हिचा. मी म्हणलो, दुखला बाई, लय दुखला.”

अंगणात एक कोंबडी फुलांत शिरली होती, तिला हाकलायचंही कोणाला सुचलं नाही.

मग मी बोलले. शिक्षक माणूस, गप्प बसणं जमत नाही. म्हणाले, “तसं नसतं हो बाई. इकडे सगळेच असं बोलतात. दुखला म्हटलं तरी ज्याला कळायचं त्याला कळतं. आणि नुसत्या एका शब्दावर कोणी ठरवतं का? तपासतात, नाडी बघतात. बाकी कितीतरी कारणं असतील.” मी बरंच काही बोलले. त्यातलं काय खरं होतं आणि काय तिच्यासाठी बोललेलं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं, आजही येत नाही. ती नर्स कोण होती, कुठली होती, तिने काय ऐकलं, कोणाला माहीत? ‘दुखला’ ऐकून कळ येऊन गेली असं तिला वाटलं असेल. किंवा तिने ते नीट ऐकलंही नसेल, पुढच्या बाईकडे वळली असेल. जमना कशाने गेली हे शेवटी कोणी सांगितलंच नाही. पण फुलवंताबाईने माझ्याकडे बघितलं आणि मी थांबले. त्या बघण्यात राग नव्हता. बाजारात एखादा फार बोलणारा माणूस भेटला तर आपण त्याचं बोलून होऊ देतो, तसं ती माझं होऊ देत होती.

त्या दिवसानंतर फुलवंताबाई मराठीतून बोलली नाही. हे मला हेमलताने सांगितलं आणि आधी खरं वाटलं नाही. घरात गोंडी बोलायची, पहिल्यासारखीच, गरजेपुरती. पण बाजारात, दुकानात, बसमध्ये एक शब्दही नाही. मोहाचा भाव करताना बोटं दाखवायची. काही विचारलं तर मान हलवायची. व्यापारी म्हणायचे, बाईच्या कानात काही झालं का?

आणि हेमलताने अभ्यास सोडला. मी पुन्हा गेले, या वेळी सकाळी लवकर. ती झाडाखाली वेचत होती. धुकं असावं तसा खाली जाळलेल्या पाल्याचा वास होता आणि वरून एकेक फूल पडत होतं. मीही टोपली घेतली. दोघी वेचत राहिलो. मग मी म्हणाले, “हॉल तिकीट आलंय तुझं.”

“कायले देता मॅडम?”

“तू वर्षभर मेहनत केलीस.”

“शिकलो, म्हणून हा समजला,” ती म्हणाली. “नसतो शिकलो तं मायले समजला नसता. बाई मेली एवढाच मालूम असता. बाई मरतेच कवा कवा. आता ती काय करते मालूम हाये का? रात्रंदिवस बसून राहते. मी पुसतो, का झाला, तं म्हणते काही नाही. तिच्या डोक्यात तो एकच शब्द फिरून राहिला हाये.”

ती रडत नव्हती. वेचता वेचता बोलत होती, आणि तिच्या बोटांचा वेग कमी झाला नव्हता. शिक्षण माणसाला मोठं करतं वगैरे जे मी दरवर्षी निरोप समारंभात बोलते, ते सगळं त्या झाडाखाली मला आठवलं आणि त्यातलं एकही वाक्य तोंडातून काढावंसं वाटलं नाही. मी तिकीट तिच्या टोपलीच्या काठाशी खोचलं आणि निघाले. येताना वाटलं, ही आता परीक्षेला येणार नाही.

पेपरच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाशी उभी होते. मुलांची गर्दी, पालक, पाण्याच्या बाटल्या, शेवटच्या क्षणी उघडलेली गाइडं. त्या गर्दीतून फुलवंताबाई येताना दिसली. धुवट लुगडं, डोक्यावर पदर, आणि तिच्या मागे हेमलता. नंतर हेमलताने सांगितलं ते असं, की सकाळी आईने तिचा डबा बांधला, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. हेमलता निघेपर्यंत ती तिथून हलली नाही.

हेमलता आत गेली. फुलवंताबाई रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली बसली. माझी ड्यूटी आत होती, पण व्हरांड्यातून जाता-येता ती दिसायची. ऊन सरकलं तशी सावलीबरोबर थोडी थोडी सरकत होती. पेपर सुटल्यावर हेमलता बाहेर आली तेव्हा मी विचारलं, कसा गेला? म्हणाली, “गेला. एक प्रश्न होता, वाक्याचा काळ बदला. सारे लिवून झाल्यावर तो लिवला.” आणि आईकडे गेली. दोघी बसस्टँडच्या दिशेने चालत गेल्या, आई पुढे, मुलगी मागे.

ती पास झाली. पुढच्या वर्षी तिच्या गावात आशाची जागा निघाली आणि तिला मिळाली. माझी बदली झाली, मी फुलचूरला आले. फोन यायचे तिचे. मराठी इतकं नेटकं झालं होतं की कधीकधी मलाच परकं वाटायचं. “मॅडम, मी काल तीन बायांना घेऊन गेले होते,” असं म्हणायची. ‘गेले’. मी ऐकून घ्यायचे आणि माझ्या नकळत मला ती ‘गेलो’ म्हणणारी पोरगी आठवायची.

तिने फोनवर सांगितलेली एक गोष्ट मला फार वेळा आठवते. गावातली कोणतीही बाई दवाखान्यात न्यायची असली की फुलवंताबाई गाडीत चढून बसायची. सांगितलं नाही, विचारलं नाही, तरी. तिथे गेल्यावर बोलणं सगळं हेमलताचं. किती वेळापासून, कुठे, कसं. नर्सने विचारलेलं बाईला गोंडीतून सांगायचं, बाईने सांगितलेलं नर्सला मराठीतून, जराही इकडेतिकडे न होऊ देता. आणि फुलवंताबाई त्या बाईच्या उशाशी बसून तिचा हात धरायची. सोडायची नाही. नर्स म्हणायच्या, आजीला बाहेर बसवा. पुढे पुढे म्हणेनाशा झाल्या. हेमलता एकदा तिला म्हणाली होती, माय, तू कशाला येतेस, दमतेस. तेव्हा ती गोंडीत म्हणाली, की बोलणारी तू आहेस ना, मग मला नुसतं बसायला काय होतं.

या वर्षी थंडी सरता सरता फुलवंताबाई गेली. हेमलताचा फोन आला. “आई गेली, मॅडम. सकाळी अंगण झाडत होती. दमली म्हणून बसली, आणि बसल्या जागीच गेली. तिला काही त्रास झाला नाही.” प्रत्येक वाक्य पूर्ण, प्रत्येक क्रियापद आपल्या जागी. मला मात्र एकही वाक्य जुळेना. येते मी, एवढंच म्हणाले.

पाच-सहा दिवसांनी गेले. मोह नुकता पडायला लागला होता. त्या अंगणात या वर्षी फुलं वाळत घातलेली नव्हती, चटया अंथरल्या होत्या आणि गावातल्या बाया बसल्या होत्या. हेमलताने मला पाणी दिलं. प्रवास कसा झाला विचारलं. आजारपण नव्हतं, वय झालं होतं, सगळं नीट सांगितलं. डोळे कोरडे. आशाच्या कामात तिने एवढी मरणं पाहिली होती, मला वाटलं हिला आता सांगायची सवय झाली असेल.

तेवढ्यात एक म्हातारी आली. फुलवंताबाईची मावसबहीण असावी. काठी टेकत दारातून आली आणि हेमलताला बघून गोंडीत काहीतरी म्हणाली, दोन-चारच शब्द. हेमलता उठली, तिच्याजवळ गेली, आणि बोलायला लागली. गोंडीत. आधी हळू, मग भराभर, मग बोलणं आणि रडणं वेगळं राहिलं नाही. म्हातारी मध्ये मध्ये काही म्हणायची आणि हेमलता पुन्हा सुरू व्हायची. इतकी वर्षं मी तिला ओळखत होते, तिचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बाकीच्या बायाही रडायला लागल्या. त्यांना सगळं कळत होतं. ती आईबद्दल सांगत होती की बहिणीबद्दल, काय झालं ते सांगत होती की काय व्हायचं राहून गेलं ते, मला कळायला मार्ग नव्हता. शब्द कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो तेही मला ओळखू येत नव्हतं. मी खाटेवर बसून होते, हातात रिकामा पेला, आणि कुठे बघावं ते कळत नव्हतं.

शेजारच्या चटईवरच्या एका बाईने माझ्याकडे पाहिलं. डोळे पुसले आणि विचारलं, “तुमाले समजते का बाई, ते का बोलून राहिली?”

“नाही,” मी म्हणाले.

ती थोडी सरकली आणि आपल्या बाजूच्या रिकाम्या जागेवर हाताने थापटलं.

“बसा मंग,” ती म्हणाली.